फोर्टवर्थचा बाजार

टेक्सासात भर उन्हाळ्यात दुपारी साडेअकराला जो घराबाहेर पडतो तो एक तर गुराखी असावा, नाही तर पाहुणा. मी पाहुणा होतो. डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीने आणि दाजींनी मला फोर्टवर्थच्या जुन्या गुरांच्या बाजारात आणून उभे केले होते. समोरच्या विटांच्या रस्त्यावरून लांबलचक शिंगांची गुरे संथपणे चालली होती, आणि त्यांच्या पुढेमागे घोडेस्वार. ही मिरवणूक रोज दोनदा निघते. एके काळी इथे जनावरांची अफाट उलाढाल चाले. आता प्रवाशांसाठी रोजचा पोळा तेवढा उरला आहे. शिंगांचा तो पसारा पाहून मला आपल्या खिलाराची आठवण झाली. पण खिलाराचा ताठा काही यांच्यात नाही, हे मी तिथेच जाहीर केले. दाजी हसले.

"मामा, ती इमारत बघ," भाचा म्हणाला. "आमचा बाजार तिथे भरला होता."

निखिल सतरा वर्षांचा आहे. शाळेच्या बेसबॉल संघाचा पिचर, म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज म्हणा, आणि तोही डावखुरा. त्याने दाखवलेली इमारत म्हणजे काउटाउन कोलिझियम. १९०८ साली बांधलेले हे सभागृह उधळ्या घोड्याबैलांवर बसण्याच्या खेळांसाठी प्रसिद्ध. १४ जुलै २०२४ च्या संध्याकाळी मात्र इथे बैल नव्हते. व्यावसायिक बेसबॉलच्या तीस संघांनी इथे त्या वर्षीच्या नव्या खेळाडूंची नावे पुकारायला सुरुवात केली.

ही निवड १९६५ पासून दरवर्षी होते. संघांनी पाळीपाळीने नावे घ्यायची, आणि ज्याने नाव घेतले त्याच्याशीच मुलाने सौदा करायचा. शाळा संपवलेल्या मुलाचे नाव घेता येते. पण तो चार वर्षांच्या कॉलेजात गेला, की तिसरे वर्ष संपेपर्यंत किंवा एकविसावे वर्ष लागेपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही. म्हणून संघापुढे दरवर्षी एकच पेच पडतो: शाळेतला पिचर घ्यावा की कॉलेजातला?

लहानपणी आजोबांबरोबर मी बैलबाजारात जात असे. आजोबा आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहत. आदत असेल, म्हणजे दुधाचे दात पडायचे असतील, तर किंमत कमी आणि आशा मोठी. जुळलेला असेल तर काम आजपासून, पण पुढे वाढ नाही. मग उपरण्याखाली बोटे धरून दर ठरे. फोर्टवर्थला हा व्यवहार टेलिव्हिजनसमोर झाला, एवढाच फरक. आणि त्या दिवशी खरेदीदारांनी आदत पिचर बहुतेक नाकारले. पहिल्या २३ नावांत शाळेतला पिचर एकही नव्हता. पहिला आला तो २४ व्या क्रमांकावर.

कारण कोपरात आहे. पिचर चेंडू फेकतो तेव्हा कोपराच्या आतल्या बाजूच्या एका बारीक बंधावर विलक्षण ताण येतो. तो तुटला तर शरीरातली दुसरी कंडरा काढून तिथे ओवावी लागते. डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ साली ही शस्त्रक्रिया टॉमी जॉन या पिचरवर प्रथम केली. तो बरा होऊन १९८९ पर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेला डॉक्टरऐवजी रोग्याचेच नाव पडले. अठराव्या वर्षी ज्याच्यावर पैसे लावावेत त्याचा कोपर एकविसाव्या वर्षी कसा असेल, कोण सांगणार? कॉलेजातला मुलगा घेतला तर ती तीन वर्षे कॉलेजच्या खर्चाने उलटलेली असतात. हिशेब चोख आहे. फक्त तो संघाचा आहे.

तिथून आम्ही आर्लिंग्टनला गेलो. इथल्या जुन्या मैदानावर २७ जून १९७३ रोजी डेव्हिड क्लाइड नावाचा अठरा वर्षांचा मुलगा पहिला सामना खेळला. शाळा सुटून महिनाही झाला नव्हता. त्या वर्षीच्या निवडीत त्याचे नाव सर्वांत पहिले पुकारले गेले होते. संघाला प्रेक्षक हवे होते आणि ते ३५,००० हून अधिक आले. मुलाने सामना जिंकला, हाच त्याचा घात झाला. खालच्या संघात शिकायला पाठवण्याऐवजी गर्दीसाठी त्याला वरच ठेवले. पुढे हात दुखावला; १८ विजय आणि ३३ पराभव एवढ्यावर १९७९ साली मोठ्या मैदानावरचा खेळ संपला. निवृत्तिवेतनाला चार वर्षे भरावी लागत. त्याला महिना-सव्वा महिना कमी पडला. ते मैदान १९९४ साली पाडले.

जवळच आज मोठे छपराचे नवे मैदान आहे. क्लेटन कर्शॉ याच डॅलसच्या हायलँड पार्क शाळेतला. कॉलेजची जागा सोडून २००६ साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात गेला. पण त्याला दोन वर्षे खाली घडवले आणि मगच वर आणले. २०२० ची अंतिम मालिका साथीमुळे सगळी आर्लिंग्टनला झाली, आणि गावच्या पोराने तिथे दोन सामने जिंकले. २०२५ साली तो निवृत्त झाला, त्याच संघातून.

मी कॉलेजात शिकवतो. माझे मत काय असणार हे ताईने गृहीतच धरले होते. "सांग ना याला, आधी कॉलेज म्हणून!" मी सांगितले, पण मला वाटले होते तितक्या ठामपणे नाही. मार्क अ‍ॅपेल कॉलेजातून २०१३ साली पहिला निवडला गेला. त्याला मोठ्या मैदानावर यायला २०२२ उजाडले. उलट गेरिट कोलचे नाव न्यूयॉर्क यँकीजने २००८ साली शाळेतूनच घेतले होते. तो नाही म्हणाला, कॉलेजात गेला, २०११ साली पहिला निवडला गेला, आणि २०१९ साली त्याच यँकीजनी त्याला नऊ वर्षांसाठी ३२ कोटी ४० लाख डॉलर कबूल केले.

"पण मामा," निखिल म्हणाला, "तो नाही म्हणाला तेव्हा त्याला हे माहीत होतं का?"

नव्हते. संघांना दरवर्षी वीस फेऱ्या मिळतात. एक बैल बसला तर दुसरा. पोराला हात एकच.

एका संघाचा माणूस वेग मोजायचे यंत्र घेऊन निखिलचे तीन सामने पाहून गेला आहे. नाव पुकारले जाईलच असे नाही. परतताना तो मागच्या सीटवर झोपला, डावा हात दुसऱ्याचा असल्यासारखा मांडीवर जपून ठेवून. ताईने वाटेत दुकानावर गाडी थांबवून बर्फाची पिशवी घेतली आणि त्याला न उठवता कोपराशी टेकवली. कॉलेजचे पत्र अजून त्यांच्या फ्रिजवर लावलेले आहे.