करंगळीएवढी नळी

धाकट्या भावाची आज एंडोस्कोपी झाली. चाकणच्या एमआयडीसीत रात्रपाळी, वेळीअवेळी वडापाव, पाठ धरली की वेदनाशामक गोळी, जळजळलं की मेडिकलमधून पित्ताची. शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं तेव्हा कुठे घरी बोलला. काळं म्हणजे बहुधा वर कुठेतरी रक्तस्राव; हे पाळीवरच्या प्रत्येकाला ठाऊक हवंच.

उपाशीपोटी, घशात बधिरीचा फवारा, डाव्या कुशीवर. करंगळीएवढी नळी अन्ननलिकेतून जठरात, तिथून लहान आतड्याच्या तोंडाशी. पडद्यावर तांबूस अस्तरात पांढुरका खळगा दिसला: अल्सर. डॉक्टरांनी जठरातून चिमट्याने कणभर तुकडा काढून पिवळ्या जेलमध्ये ठेवला, आणि पाहता पाहता ते गुलाबी झालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी! या जंतूने जठराला सूज येते हे दाखवायला डॉक्टर बॅरी मार्शल १९८४ मध्ये जंतूंचं मिश्रण स्वतः प्यायले. २००५ मध्ये त्यांना आणि सहकारी रॉबिन वॉरनना नोबेल मिळालं. या शोधाआधी जगभर अल्सरचं खापर तिखटावर आणि काळजीवर फुटायचं. आमच्या घरी अजून फुटतं.

या जंतूवर उपाय अँटिबायोटिकचा. पेनिसिलिनसाठी १९५४ मध्ये स्थापलेली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आमच्या पिंपरीचीच. पेनिसिलिनच्याच कुळातली अमॉक्सिसिलिन आता भावाला इतर गोळ्यांसोबत सुरू झालीय. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही, असं त्याला बजावलंय.