सरळ उभें राहिलेलें न्यायमंदिर

धरमपेठेंतील आमच्या घरीं, अंथरुणास खिळलेल्या वकील आजोबांनीं उच्च न्यायालयाचें छायाचित्र मागितलें. हेन्री मेड यांनीं आंखलेली, 1940 सालीं खुली झालेली ही दगडी वास्तु जवळच, सिव्हिल लाइन्समध्यें आहे. चिरंजीवांनीं भर दुपारीं, अगदीं जवळून, कॅमेरा वर वळवून चित्र घेतलें. खांब मागें कलले, घुमट सपाट दिसला. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या तिरप्या उन्हांत आम्हीं रस्त्यापलीकडे सरून कॅमेरा पातळींत धरला. त्यामुळें खालीं आलेला रिकामा रस्ता घरीं संगणकावर कापला, उरलेला किंचित् कल काढला. दगडांवरील पावसाचे डाग मात्र राखले. चित्र न्याहाळून आजोबा म्हणाले, "आतां आमचें कोर्ट सरळ उभें राहिलें!"