बेळगावहून कुंडलच्या माळावर

बेळगावच्या बाजारपेठेत किर्लोस्कर रोड नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. आमची मुले त्या रस्त्याने रोज जातात-येतात. परंतु हे किर्लोस्कर कोण, असे वर्गात विचारले, तर काही मुले ‘नाटकवाले’ म्हणतात आणि काही ‘पंपवाले’. मौज अशी की, दोन्ही उत्तरांचा माग काढत गेले, तर आपण एकाच गावात पोहोचतो. मलप्रभेकाठचे गुर्लहोसूर हे ते गाव. ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब तिथलेच, आणि २० जून १८६९ रोजी जन्मलेले लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हेही तिथलेच. रस्त्याला नाव मिळाले आहे ते या दुसऱ्यांच्या सायकलींच्या दुकानामुळे.

हे दुकान जिथून निघाले आणि जिथे जाऊन पोहोचले, ते अंतर एकदा डोळ्यांनी पाहावे, असे बरेच दिवस मनात होते. निमित्त घडले ते एका माजी विद्यार्थ्यामुळे. हा मुलगा (मुलगा म्हणतो खरा, वय छत्तीस आहे) एका कारखान्यात गेली बारा वर्षे कायम नोकरीत आहे. हाताला कसब आहे. आता त्याला उद्यमबागेत गाळा भाड्याने घेऊन दोन लेथ टाकायचे आहेत. त्याचे वडील, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, एका संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, “गुरुजी, तुमचे तो ऐकतो. एवढे वेड त्याच्या डोक्यातून काढा. सुनेच्या अंगावरचे दागिने बँकेत जायची वेळ आली आहे.”

तीस वर्षे महिन्याच्या पगाराखेरीज कशाचीही चिंता न केलेल्या मुख्याध्यापकाने धाडसाविषयी काय बोलावे? मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली, आणि मधल्या रविवारी मिरजेची गाडी पकडली.

घटप्रभा, रायबाग, कुडची ही स्टेशने करीत गाडी कृष्णा ओलांडते. मिरजेस गाडी बदलावी लागली. सांगली मागे पडली की काळ्याभोर रानांतून ऊस आणि द्राक्षांचे मांडव दिसू लागतात. भिलवडी, आमणापूर गेले, आणि पुढच्या फलाटावर पाटी दिसली : किर्लोस्करवाडी. या स्टेशनाचे पूर्वीचे नाव कुंडल रोड. कुंडल म्हणजे स्वातंत्र्यलढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारामुळे गाजलेले गाव. परंतु तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

लक्ष्मणरावांना व्हायचे होते चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकायला गेले, आणि तिथे असे आढळले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही. चित्रकाराच्या दृष्टीने याहून मोठा आघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांच्या रेखाटनाकडे ते वळले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्थेत तोच विषय शिकवू लागले. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा मिळाली, आणि लक्ष्मणरावांनी नोकरीचा राजीनामा दिला.

चरित्रे वाचणारे आपण लोक या राजीनाम्यापाशी टाळी वाजवतो. मला मात्र तिथे जरा थांबावेसे वाटते. कारण नोकरी सोडण्याच्या आधीपासून बेळगावात एक दुकान उभे राहत होते. किर्लोस्कर बंधूंची पेढी आपल्या आरंभाचे साल १८८८ असे सांगते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली धाडीत आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या बेळगावात विकीत. त्या काळी एका सायकलीला सातशे ते हजार रुपये पडत, आणि ती चालवायला शिकवण्याचे पंधरा रुपये वेगळे! म्हणजे राजीनाम्याची उडी मोठी दिसत असली, तरी पलीकडच्या काठावर भाऊ उभा होता. रागाच्या भरात नोकरी सोडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. राग येण्यापूर्वीच दुसरीकडे पाय ठेवायला जागा करणारे थोडे.

सायकलींनंतर कडबा कापण्याचे यंत्र आले, आणि १९०३ साली लोखंडी नांगर. आपल्याकडचा लाकडी नांगर जमीन चिरतो, पण ती उलथवीत नाही. कृष्णाकाठच्या काळ्या रानात हरळीची मुळे खोल गेलेली असतात; ती वर काढायची तर मातीचा थर पालथा घालणारा जड फाळ हवा. लोखंडी नांगर नेमके तेच करतो. परंतु लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली, असे सांगतात.

या दोन वर्षांचे मला फार वाटते. राजीनाम्याला एका दिवसाचे धैर्य पुरते. न खपलेल्या नांगरांच्या शेजारी रोज सकाळी जाऊन कामाला लागण्याचे धैर्य निराळ्या जातीचे आहे. शेतकऱ्याला हसावे, असे मात्र त्यात काही नाही. ज्याचे वर्षाचे पोट एका पिकावर अवलंबून, त्याने नवी वस्तू दहादा निरखून पाहिली, तर तो त्याच्यापरीने शहाणपणाच करीत होता. आमचा पालक मुलाच्या गाळ्याकडे ज्या नजरेने पाहतो, तीच ही नजर.

नांगराचे बस्तान बसू लागले, तोच बेळगाव नगरपालिकेला नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. लक्ष्मणराव तेव्हा चाळिशीत होते. पदरी बिऱ्हाड, कारागीर, यंत्रे, आणि खाली जमीन नाही. औंध संस्थानात एका सभागृहाचे बांधकाम त्यांनी पत्करले होते. त्या निमित्ताने औंधाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधींशी परिचय झालेला होता. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन आणि १०,००० रुपये कर्जाऊ दिले. जमीन कसली, निवडुंगाचे रान आणि नागसापांची वस्ती! रेल्वे शेजारी असणे हीच काय ती तिची जमेची बाजू. लोखंड आणि कोळसा दारात उतरणार, आणि तयार नांगर दारातूनच गाडीत चढणार. मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव तिथे आले.

ते एकटे आले नाहीत. पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे बेळगाव सोडून त्यांच्याबरोबर आली.

स्टेशनाबाहेर चहाच्या दुकानात एक वृद्ध गृहस्थ भेटले. कारखान्यातून निवृत्त झालेले. मी बेळगावचा म्हणताच त्यांनी बाकावर जागा करून दिली. “आमचा आजा तिकडनंच आला हुता,” ते म्हणाले. “निवडुंग तोडून तोडून हात सोलून निघायचं म्हनं. आजी म्हनायची, ह्या माळावर दिवस मावळला की दाराबाहेर पाय टाकायची सोय न्हवती.”

“मग आले कशाला?” मी विचारले.

“मालकानं बोलवलं म्हनून.” त्यांना माझ्या प्रश्नाचे नवल वाटलेले दिसले.

परतीच्या गाडीला अवकाश होता. मी वाडीतून हिंडलो. कारखान्यात आता नांगर होत नाहीत. पंप होतात, आणि ज्या रानांत पूर्वी पावसाची वाट पाहत, तिथे उसाला पाणी खेळते. झाडांच्या सावलीत घरे आहेत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीच्या ट्रंकेत ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’, ‘मनोहर’ यांचे जुने अंक सापडतात. ‘किर्लोस्कर खबर’ म्हणून १९२० साली निघालेले मासिक, आणि मागाहून १९३० व १९३४ साली निघालेली त्याची दोन भावंडे, यांचा मूळ पत्ता हाच. शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांना लक्ष्मणरावांनी याच वाडीची राखण सोपवली होती. माणसावर विश्वास टाकण्याची ही तऱ्हा पाहिली, म्हणजे पंचवीस बिऱ्हाडे निवडुंगात का आली, याचा थोडा उलगडा होतो.

तरीही माझे मन त्या बिऱ्हाडांपाशीच घोटाळत राहिले. लक्ष्मणरावांचा आत्मविश्वास त्यांच्या हातातल्या कौशल्यातून आला होता. तो त्यांनी आधी छोट्या वस्तूंवर पारखून घेतला होता. कामगारांच्या बायकांपाशी तसे काय होते? त्यांनी साहस केले ते दुसऱ्याच्या भरवशावर. त्यांच्या नावाचा रस्ता बेळगावात नाही आणि वाडीतही मला दिसला नाही. आणि ज्यांचे नांगर दोन वर्षांनंतरही खपले नाहीत, अशा कारखानदारांची तर चरित्रेच कोणी लिहीत नाही. म्हणून ‘धाडस करा, यश तुमचेच’ असे सांगणारी व्याख्याने मी शाळेत ठेवीत नाही. चुकलेल्या धाडसाचा हिशेब बहुधा स्वयंपाकघरात चुकता करावा लागतो, आणि व्याख्याते तिथवर जात नाहीत.

आठव्या दिवशी माझा विद्यार्थी आला. मी त्याला लक्ष्मणरावांची गोष्ट सांगितली नाही. ती त्याला माझ्याहून अधिक ठाऊक होती. एवढेच म्हणालो, “तुझा माल समजा दोन वर्षे कोणी घेतला नाही, तर घर कशावर चालेल, ते कागदावर लिहून आण. आणि लिहिताना बायकोला शेजारी बसव.”

“सर, दोन वर्षे?” तो हसला.

“नांगराला लागली होती.”

पंधरा दिवसांनी कागद आला. अक्षर सुनेचे होते. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल, मुलीची फी, सासऱ्यांची औषधे, सगळे मांडलेले. दोन लेथांच्या ठिकाणी एकच, तोही जुना. दागिन्यांपैकी पाटल्या यादीत होत्या, मंगळसूत्र नव्हते. ज्या कारखान्यात तो नोकरीला आहे, तिथलेच काही सुटे भाग बाहेरून करून देण्याविषयी त्याने साहेबांशी बोलणे केले होते. एवढे करूनही हिशेब चौदा महिन्यांवर येऊन थांबत होता.

कागद वडिलांना दाखवला होता काय, असे मी विचारले. दाखवला होता. त्यांनी तो दोन दिवस ठेवून घेतला, बेरजेतल्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि औषधांची रक्कम खोडून समोर ‘माझ्या पेन्शनीतून’ असे लिहिले. त्यामुळे चौदाचे सोळा महिने झाले आहेत. नोकरीचा राजीनामा अजून दिलेला नाही. गाळा पाडव्यापासून घ्यायचा ठरला आहे.