पाण्याची राखण

दरवर्षी २० मार्चला आम्ही वर्गात महाडचा इतिहास शिकवतो. १९२३ चा बोले ठराव, १९२७ साली बाबासाहेबांनी ओंजळीने प्राशन केलेले चवदार तळ्याचे पाणी आणि १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल, हा क्रम आम्हांस मुखोद्गत आहे. तो सांगताना आमचा स्वर चढतो. विहिरीपासून दूर घागर ठेवून, कोणी वरून पाणी घालील याची वाट पाहत उभी असलेली आई आम्ही लहानपणी पाहिली आहे. त्या विहिरीचीही राखण होती. परंतु ती आमच्यापासून होती.

त्याच आम्ही शाळेची टाकी वर्षानुवर्षे भरून वाहताना पाहिली आणि बटण बंद करण्यास उठलो नाही, ही कबुली येथे देणे आवश्यक वाटते. हक्काचे पाणी म्हणजे अमर्याद पाणी, अशी आमची नकळत समजूत झाली होती.

२०१६ च्या उन्हाळ्याने ती मोडली. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन पोहोचली. आमच्या वसतिगृहातही टँकरकडे डोळे लागले होते. त्या दिवसांत पाचवीतील एक मुलगी घमेल्यात तोंड धुऊन ते पाणी कडुनिंबाच्या रोपाला घालताना दिसली. "हे कोणी शिकवलं?" आम्ही विचारले. "सर, आमच्याकडं माय असंच करती." इतिहासाचे एम. ए. झालेले आम्ही निरुत्तर झालो.

खरे तर हा वारसा आमच्याच ग्रंथांत होता. विनयपिटकात भदंत आनंद उदयन राजाला सांगतात की, जुन्या चीवरांची पांघरुणे होतात, मग गाद्यांच्या खोळी, पुढे पायपुसणी. अखेर चिंध्या मातीत कालवून जमीन लिंपतात. कान्हेरीच्या भिक्खूंनी डोंगरावरचे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींतून टाक्यांत उतरवले. तेथील शिलालेख त्या टाक्यांना 'पोढी' म्हणतात आणि दात्यांची नावे नोंदवतात.

त्याच पावसाळ्यात आम्ही पालकांसह कामास लागलो. गणित सोपे आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरच्या छतावर दहा मिलिमीटरची एक सर आली, तरी दोन हजार लिटर पाणी पडते. पहिल्या पावसाचे धूळ-पाल्याचे पाणी सोडून द्यायचे. पुढचे गोटे, वाळू आणि कोळशाच्या थरांतून विहिरीकडे न्यायचे. तांदूळ-भाज्या धुतलेले पाणी परसबागेला, न्हाणीचे पाणी झाडांना. ते साठवायचे मात्र नाही, कारण दुसऱ्या दिवशी त्याला दुर्गंधी येते आणि डास होतात. उरलेले शोषखड्ड्यात. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने शोषखड्ड्यांनीच गटारे आणि डास हटवले आहेत.

आपल्या काळ्या मातीखाली बेसाल्टचा कठीण खडक आहे. त्यात पाणी सावकाश मुरते आणि उपसा करताना भराभर संपते. म्हणून ही कामे एका पावसाळ्याची नव्हेत. दर मृगाआधी छत झाडावे लागते, गाळणी धुवावी लागते. हे काम मुले-मुली पाळीपाळीने करतात. टाकीच्या बटणाजवळ आता आम्ही स्वतः उभे राहतो.

माजी विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकी अनेकांनी घरे बांधली आहेत. छतावरच्या पाण्याला वाट करून द्या; आणि विहीर भरली की तिच्यावर शेजाऱ्याचाही हक्क माना. पूर्वीच्यांनी माणसांना दूर ठेवण्यासाठी पाणी राखले. आपण ते माणसांसाठी राखू. आमची आई ज्या विहिरीपासून दूर उभी राहिली, तिला द्यावयाचे आमचे उत्तर हेच आहे.