छप्पन्न चुका

‘होतकरू’ हा शब्द मराठींत मोठा सोयीचा आहे. त्यांत उद्यांची आशा असते आणि आज हातीं फारसें कांहीं नाहीं याची कबुलीही असते. आमचा धंदा अध्यापकाचा. शिफारसपत्रांतून हा शब्द आम्ही वर्षानुवर्षें वांटीत आलों आहों. त्याचें मोल कसें करावें याचा एक उत्तम धडा मात्र आम्हांस अमेरिकेंतील बेसबॉलच्या इतिहासांत सांपडला.

तेथें मोठ्या संघांच्या हाताखालीं ‘मायनर लीग’च्या पायऱ्या असतात. शाळेंतून निवडलेल्या मुलास त्या इयत्तांप्रमाणें चढाव्या लागतात. त्यांतही शॉर्टस्टॉपची परीक्षा फार कठीण. दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या दरम्यान उभें राहून सणसणत आलेला चेंडू उचलावयाचा आणि फलंदाज पोंचण्यापूर्वीं तो पहिल्या बेसवर धाडावयाचा. या साऱ्यास अवधि सुमारें ४ सेकंदांचा!

१९९२ सालीं न्यूयॉर्क यांकीज संघानें डेरेक जीटर या मुलास सहाव्या क्रमांकानें निवडलें. ह्यूस्टन संघाचे पारखी हॅल न्यूहाउझर यांनीं त्याला पहिला घ्या म्हणून आग्रह धरला होता. संघानें ऐकलें नाहीं, तेव्हां त्यांनीं नोकरीच सोडली. पुढल्याच वर्षीं ग्रीन्सबरो येथें १२६ सामन्यांत जीटरच्या नांवावर ५६ चुका लागल्या. आमच्याकडील परीक्षक तांबडी रेघ मारून मोकळा झाला असता!

परंतु चूक मांडतात कशी? सामान्य प्रयत्नानें साधला असता असा चेंडू हुकला, तरच. जो चेंडूपर्यंत पोंचतच नाहीं, त्याची वही कोरी राहते. यांकीजनीं मुलाची जागा बदलली नाहीं. मोसम संपल्यावर त्याला ब्रायन बटरफील्ड या शिक्षकाच्या हवालीं केलें. हात कसा धरावा, पाऊल कोठें टाकावें, हेच धडे पुनःपुन्हां गिरविले गेले. १९९४ सालीं चुका २५ वर आल्या आणि त्या एकाच वर्षांत तो तीन इयत्तांतून खेळला. १९९६ सालीं तो सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. २०२० सालीं ‘हॉल ऑफ फेम’साठीं त्याला ३९७ पैकीं ३९६ मतें पडलीं.

गोष्ट येथेंच संपविली तर ती गोड होईल, पण अपुरी राहील. क्षेत्ररक्षणासाठीं पांच ‘गोल्ड ग्लव्ह’ मिळविणाऱ्या या खेळाडूचा आवांका नव्या गणितानें मोजतां समकालीनांहून बराच उणा भरला. म्हणजे आरंभीं चुकांचा मोठा आंकडा जसा फसवा, तसाच मागाहून लहान आंकडाही फसवाच. हातांतील दोष शिकविल्यानें गेला. पायांची मर्यादा राहिली. आणि बॅटीनें ती पुष्कळ अंशीं भरून काढली.

आपल्या मुलांच्या गुणपत्रिका हातीं घेणाऱ्या आईबापांस, आणि आमच्या व्यवसायबंधूंसही, आमचें एवढेंच सांगणें आहे. चुका किती, हें कोणीही मोजील. त्यांपैकीं शिकविल्यानें जाणाऱ्या कोणत्या आणि अंगच्याच कोणत्या, हें निवडणें ही खरी पारख. ती करावयाची तर परीक्षा संपल्यावरही आपणांस त्या मुलाबरोबर मैदानांत थांबावें लागेल.