पप्पांजींना निरोप

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला, की केरळातल्या फोर्ट कोचीत जागोजागी एक म्हातारा ठाण मांडून बसतो. अंगात कोट-पँट, डोक्यावर हॅट, छातीवर रुळणारी पांढरी दाढी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, हा सांताक्लॉजच! पण हे आहेत पप्पांजी. सांताक्लॉज भेटवस्तू घेऊन येतो; पप्पांजी सरतं वर्ष घेऊन जातात. 31 डिसेंबरच्या रात्री बाराच्या ठोक्याला त्यांना अग्नी दिला जातो.

पप्पांजी म्हणजे आजोबा. शब्द पोर्तुगीज वळणाचा. एर्नाकुलमहून बोटीनं वीसेक मिनिटांत गाठता येणाऱ्या या चिमुकल्या गावात 1503 पासून पोर्तुगीज, 1663 पासून डच आणि 1795 पासून इंग्रज नांदले. वास्को द गामा 1524 मध्ये इथंच वारला. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये त्याला पुरलं होतं. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. पोर्तुगीज गेले, वास्को गेला, आजोबा मात्र राहिले!

1984 सालापासून इथल्या तरुण मंडळींनी या जुन्या प्रथेला 'कोचीन कार्निव्हल'चं रूप दिलं. वर्षाचे शेवटचे दहा-एक दिवस गाव रोषणाईनं झगमगतं. घरांवर कागदी चांदण्या लटकतात. वेळी मैदानातल्या अवाढव्य पर्जन्यवृक्षाला दिव्यांच्या माळा चढतात आणि तो भला थोरला ख्रिसमस ट्री होतो. पोरंटोरं गवत, कागद आणि जुने कपडे जमवून आपापले छोटे पप्पांजी बनवतात. मोठे पप्पांजी तर चांगले तीस-चाळीस फुटांवर जातात. पूर्वी त्यांचं दहन समुद्रकिनाऱ्यावर होई. आता परेड मैदानावर होतं.

हा सण कुणा एकाचा नाही. फोर्ट कोची आणि शेजारच्या मट्टांचेरीत मल्याळी हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान आहेत. गोव्याहून आलेले कोकणी, गुजराती व्यापारी आणि तमिळ धोबीही पिढ्यान्‌पिढ्या राहतात. पप्पांजींना निरोप द्यायला सगळेच येतात.

आपण दसऱ्याला रावण जाळतो, होळीला होलिका. तिथं दुष्टाचा नाश असतो. पप्पांजींनी मात्र कुणाचं काही वाकडं केलेलं नाही. ते नुसते थकलेत. वर्षभराची दुखणी, कर्ज, भांडणं त्यांच्या पाठीवर टाकायची आणि 'आजोबा, आता या' म्हणायचं. रागावाचून केलेलं असं दहन आपल्याकडे विरळाच! गोव्यात आणि मुंबईच्या वांद्र्यातही वर्षअखेरीला असाच 'ओल्ड मॅन' जाळतात. तिथं तर पोरं आधी या म्हाताऱ्याच्या नावानं वर्गणीही गोळा करतात.

या गमतीला मर्यादेचंही भान आहे. 2024 च्या डिसेंबरात माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचं निधन झालं. राष्ट्रीय दुखवटा होता, म्हणून परेड मैदानावरच्या पप्पांजींचं दहन त्या वर्षी झालं नाही.

एरवी 1 जानेवारीला दुपारनंतर मिरवणूक निघते. सजवलेला हत्ती, पंचवाद्याचा घोष, चित्ररथ आणि तऱ्हेतऱ्हेची सोंगं. रात्रीचं जागरण डोळ्यांत असलं, तरी अख्खं गाव पुन्हा रस्त्यावर!

जायचं असेल, तर मुंबईहून कोकण रेल्वेनं जाणारी नेत्रावती एक्स्प्रेस एर्नाकुलमला पोहोचवते. तिकिटं आणि खोली खूप आधी राखून ठेवावी. स्वेटर नको, सुती कपडे पुरेत. लहान मुलं बरोबर असतील, तर मध्यरात्रीच्या रेटारेटीत शिरू नये. संध्याकाळीच गल्लीतले छोटे पप्पांजी दाखवून आणावेत. मुलांना तेच जास्त आवडतात.