म्हातारीचा काढा आणि डॉक्टरचं माप

विल्यम विदरिंगला विद्यार्थिदशेत वनस्पतिशास्त्राचा मनस्वी कंटाळा होता. एडिंबरोला डॉक्टरकी शिकून तो स्टॅफर्डला आला आणि तिथे हेलेना कुक्स ही रुग्ण त्याला भेटली. तिला फुलांची चित्रं काढायचा नाद. तिच्यासाठी रानफुलं गोळा करता करता तो झाडाझुडपांत रमला. १७७२ मध्ये दोघांनी लग्नही केलं. औषधशास्त्रानं प्रेमाचे इतके उघड उपकार क्वचितच घेतले असतील!

१७७५ मध्ये त्याच्याकडे एक नुस्खा मत देण्यासाठी आला. अंगावर पाणी चढून सुजलेल्या, डॉक्टरांनी हात टेकलेल्या माणसांना श्रॉपशरमधली एक म्हातारी काढा देई, त्याचाच हा नुस्खा. त्यात वीसेक वनस्पती होत्या. गुण येई, पण उलट्या-जुलाबांनी रोगी हैराण होत. एव्हाना वनस्पती ओळखू लागलेल्या विदरिंगनं ताडलं, यात काम करणारी एकच: फॉक्सग्लव्ह.

पण ती द्यायची किती? अडचण झाडातच होती. फॉक्सग्लव्हचं बी खसखशीहून बारीक. ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही; उगवायला त्याला उजेड लागतो. पहिल्या वर्षी जमिनीलगत लवदार पानांचा फक्त घेर दिसतो. दुसऱ्या उन्हाळ्यात मधून माणूसभर उंचीचा दांडा उठतो, जांभळ्या घंटा खालून वर उमलत जातात, भुंगे आत शिरतात. बी धरलं की बहुतेक झाडं मरतात. या साऱ्या काळात पानांचा जोर सारखा राहत नाही. म्हणून विदरिंगनं ठरवलं, पानं खुडायची ती फुलोऱ्याच्या वेळचीच. देठ आणि मधली शीर काढून ती वाळवायची, पूड करायची आणि मोठ्या माणसाला दिवसातून दोनदा एक ते तीन ग्रेन वजनाएवढी द्यायची. लघवी, पोट किंवा नाडी यांवर परिणाम दिसताच थांबायचं.

१७८५ च्या पुस्तकात त्यानं दहा वर्षांतले दीडशेहून अधिक रोगी नोंदवले, फसलेले उपचारही न लपवता. पुस्तकाचं खरं मोल यात आहे. औषध हृदयावर काम करतं हे मात्र त्याला पुरतं उमगलं नाही, जरी हृदयाच्या गतीवरचा परिणाम त्यानं टिपला होता. १७९९ मध्ये तो क्षयानं गेला.

१९३० मध्ये याच कुळातल्या लोकरी पानांच्या जातीतून डिगॉक्सिन वेगळं काढलं गेलं. हृदयाच्या काही रोग्यांना ते आजही देतात, आणि गुण व विष यांतलं अंतर आजही तेवढंच थोडं आहे. तेव्हा घरात कुणाची ही गोळी चालू असेल, तर एक दिवस चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका.